वसिष्ठ दोन निघाले, वहिनी!

अहो वहिनी, ऐकलंत का? गॅस बारीक करून या जरा कुंपणाशी. आतून ओरडून सांगण्यातली गोष्ट नाही ही.

परवा चैत्री अमावस्येला आपल्या लेनची मंडळी पेंचला गेली होती ना, वाघ नाही, तारे बघायला. ते डार्क स्काय पार्क झालंय ना जानेवारी २०२४ पासून, भारतातलं पहिलंच! पण मिनीबसमध्ये कौतुक कशाचं, तर जेवणात वांग्याची भाजी असेल का याचं.

तिथे काळोख म्हणजे... आपला हात आपल्याला दिसत नव्हता. गाइड पोरगा म्हणाला, डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, मोबाइल काढू नका. आणि कोपऱ्यावरच्या काकूंनी काढला! सेल्फी, ताऱ्यांबरोबर, फ्लॅश टाकून! सगळे कसे ओरडले म्हणता. झालं, पुन्हा पहिल्यापासून डोळे सरावा. त्या पोराकडे लाल कागद गुंडाळलेली टॉर्च होती, तिने म्हणे डोळे दिपत नाहीत.

तर काय सांगत होते... हां, ध्रुव. मला वाटायचं, एवढा अढळ म्हणजे सगळ्यांत तेजस्वी असणार. कुठचं काय! मिणमिणता. आपल्याकडून क्षितिजापासून जेमतेम एकवीस अंशांवर. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की दोन मुठींच्या जरा वर सापडतो. आकाशगंगा या दिवसांत पहाटेशिवाय नीट दिसत नाही म्हणाले, तोवर कोण जागतंय!

मग टेलिस्कोप सप्तर्षींवर लावला. अरुंधती तर होतीच बाजूला, पण वसिष्ठ म्हणजे एक तारा नाहीच, दोन निघाले! समोरच्या काकू डोळा न हलवता म्हणाल्या, “लग्नात भटजींनी मला अरुंधती बघायला लावली. वसिष्ठांचं कोणी बोललंच नाही!” काकांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

खरी गंमत पुढेच. पोरगा सांगत होता, सिल्लारी, पिपरिया, खापाकडच्या गावांतले शंभरावर दिवे बदलले, उजेड खालीच पडावा म्हणून. वर सांडला की आकाश धुतल्यासारखं फिकं होतं ना. “घरी फाटकावर हॅलोजन असेल, तर त्याचंही तोंड खाली करा हं,” तो म्हणाला. अंधारातसुद्धा सगळ्यांच्या माना काकांकडे वळलेल्या मला दिसल्या! मी? मी एक अक्षर बोलले नाही. नुसती खोकले.

आणि फरक पडला की हो. आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी काकांनी शिडी लावली, पाना फिरवला. माझ्या बेडरूममधला उजेड गेला, दोन वर्षांनी काल काळोखात झोपले.

फक्त खाली नाही वळवला त्यांनी. डावीकडे वळवलाय, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. रात्री बघा.