हिंदीत बिनधास्त

आपल्याला हिंदी येत नाही, ही बातमी मराठी माणसापर्यंत अजून पोचलेली नाही. लखनौच्या गाडीत तो टी. सी.ला खणखणीत सांगतो, 'मैं तिकीट निकाला है ना!' टी. सी. हसला, तर 'काय गोड माणसं' म्हणून घरी फोन करतो. इंग्रजीत मात्र हाच गृहस्थ 'डिड'नंतर क्रियापद कुठलं, हे मनात ठरवेपर्यंत समोरच्याचा चहा संपतो.

दुसरी भाषा माणूस शिकतो कशी, यावर विद्वानांची जुनी भांडणं आहेत. रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ साली मांडलं, की पहिली भाषा जिथे वेगळी, तिथे दुसरी अडते. पटतं. मराठीत 'त्याने केलं', पण 'मी केलं'. म्हणून हिंदीतला आपला 'मैं'ही 'ने'वाचून हिंडतो. शिवाय हिंदीत लिंगं दोनच. आपली घर, पुस्तक, दुकान ही नपुंसकलिंगी मंडळी तिकडे गेली, की मिळेल त्या बाकावर बसतात.

पण मग इंग्रजी तर कितीतरी लांबची; तिथे एवढी सावधगिरी का? इथे स्टीफन क्रॅशन कामाला येतात. त्यांच्या मते भीती, संकोच यांची एक गाळणी मनात असते आणि शिकलेल्या नियमांचा एक तपासनीस. इंग्रजीच्या वेळी आपली गाळणी घट्ट विणीची, आणि तपासनीस तर्खडकरांची भाषांतर पाठमाला काखेत मारून दारातच उभा. हिंदीला दोन्ही नाहीत. बोलायच्या हिंदीची परीक्षा कुणी घेत नाही, आणि नापास झालो तरी इभ्रत जात नाही.

क्रॅशन यांचा भर मात्र ऐकण्यावर: समजेल असं, किंचित पुढचं कानावर पडत राहिलं की भाषा येते. त्यांनी १९८७ची रविवार सकाळ पाहायला हवी होती. 'रामायणा'तली शुद्ध हिंदी घरोघर, हात जोडून ऐकली गेली. मालिका संपल्यावर गृहिणी बाल्कनीतून ओरडली, 'ओ भैया, मेरे को भेंडी देव.' कॅनडात मेरिल स्वेन यांनाही हेच दिसलं. वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकणारी इंग्रजीभाषक मुलं समजण्यात तरबेज, बोलण्या-लिहिण्यात अडखळणारी. तोंड उघडून नेमकं बोलायची सक्ती हवी, असं त्यांनी १९८५ साली म्हटलं.

बोलण्यात आपण कमी पडत नाही. नेमकेपणाची सक्ती तेवढी नाही. भेंडी मिळाली ना! लॅरी सेलिंकर ज्याला भाषेचं अश्मीभवन, म्हणजे चुका तशाच दगड होऊन बसणं, म्हणतात ते बहुधा अशाच भेंडीने होतं. रिचर्ड श्मिट यांनी हवाईतल्या एका जपानी चित्रकाराचा तीन वर्षं अभ्यास केला: गडी इंग्रजीत गप्पांत पटाईत होत गेला, व्याकरण जवळजवळ तिथेच राहिलं. मला तो दादर पश्चिमेचाच वाटतो.

मायकेल लाँग सांगतात, संवादात अडलं की दोघं मिळून वाट काढतात, त्यातूनही शिकणं होतं. भाजीवाला भैया हौसेने म्हणतो, 'ताई, भाजी ताजा आहे.' ताईंना त्याची दया येते आणि त्या लगेच म्हणतात, 'ताजा है तो आधा किलो देव.'