मारुतीचं भीमरूप

कर्नाटकातल्या आमच्या निर्णा गावात परवा भाच्यानं नवी गाडी आणली. उंच, काळी, सनरूफवाली. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि गाडी घराकडं निघाली तेव्हा कळलं, गल्लीला कोणी विचारलंच नव्हतं. कोपऱ्यावरचा ओटा आणि समोरचा विजेचा खांब यांच्यामधून बैलगाडी जाते, ही जाईना. दोन्ही आरसे मिटवले. "येऊ द्या, येऊ द्या" म्हणून पोरं ओरडली. एका म्हातारीनं ओट्यावर वाळत घातलेली तूर शिव्या देत उचलली. अखेर गाडी मारुतीच्या देवळासमोर लावली. आता भाचा रोज सकाळी मोटारसायकलवरून देवळापर्यंत येतो, ती तिथं लावतो आणि गाडीत बसतो.

इवल्याचं भलंमोठं होणं हे मारुतीरायाचं जुनंच आहे म्हणा. लंकेत शिरायचं होतं तोवर इवलंसं रूप, काम झालं की भीमरूप. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली, तेव्हा तीही इवलीशीच होती. आमच्याकडं तिच्यात आठजण बसून माणिकप्रभूंच्या दर्शनाला हुमनाबादला जात, नववा डिकीत. जानेवारी २०१४ मध्ये ती बनायची बंद झाली, २०२३ मध्ये अल्टो ८०० गेली.

नॅनोची कथा तर आणखी करुण. स्कूटरवरून पावसात भिजत चाललेलं कुटुंब रतन टाटांनी पाहिलं आणि २००९ मध्ये लाखाची गाडी रस्त्यावर आली. एकच वायपर, इंजिन मागं, पेट्रोल भरायला पुढचं बॉनेट उघडायचं. गाडी वाईट नव्हती हो. पण तिची किंमत गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. शेजाऱ्याला किंमत माहीत असलेली वस्तू दारात उभी करून उपयोग काय? स्वस्त म्हणून डांगोरा पिटला तिथंच चुकलं, हे पुढं खुद्द टाटांनीही बोलून दाखवलं.

मग एअरबॅगा आल्या, एबीएस आलं, बीएस-६ आलं. सगळं रास्तच, फक्त हा खर्च गाडी लहान म्हणून लहान होत नाही. त्यावर कर्नाटकाचा आजीवन कर: ५ लाखांच्या आतल्या गाडीलाही १३ टक्के. शेवटी सरकारला दया आली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला.

"मग लहान का नाही घेतलीस?" मी भाच्याला विचारलं.

"मामा, ही लहानच आहे!"

खरंच की. सरकारदरबारी चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी लहान. उंची कोणी विचारत नाही, रुंदीही नाही. जुन्या ८०० पेक्षा ही चांगली दीड वीत रुंद आहे, पण रुंदी मोजते ती आमची गल्ली, आणि जीएसटी कौन्सिलात गल्लीचा माणूस नाही. हप्ते मात्र सात वर्षांचे. तुरीचा भाव पडला तर काय, असं विचारलं तर भाचा म्हणाला, "पोरगी बघायला जायचंय मामा, अल्टोतून जाऊ?"

शनिवारी बायका मारुतीला प्रदक्षिणा घालतात. वाटेत गाडी उभी, म्हणून आता गाडीसकट घालतात. परवा कोणीतरी आरशाला रुईची माळ अडकवून गेलं. भाच्यानं ती अजून काढलेली नाही.