टर्बो खोलणारे काका

प्रत्येक सोसायटीत एक टर्बो खोलणारे काका असतात. बहुधा चिंचवड-भोसरीकडच्या एखाद्या कंपनीतून निवृत्त झालेले, आणि गॅरेजवाल्यांवर काडीचाही विश्वास नसलेले. गाडी डिझेल, वयाने पोक्त. ती खंबाटकी घाटात दम टाकायला लागली, मागून निळा धूर सोडू लागली की तुम्ही-आम्ही ती गॅरेजला लावतो. काका पार्किंगमध्ये लावतात आणि मडगार्डवर काकूंची जुनी साडी अंथरतात.

गॅरेजवाल्याने ‘नवा टर्बो टाका’ म्हटलेले असते. काकांना राग येतो तो ‘टाका’चा. “टाका म्हणजे? आमटीत मीठ टाकायचंय का?”

मग वॉचमनचा वर्ग सुरू होतो. “हे बघ, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर हा पंखा फिरतो. त्याच शाफ्टवरचा पलीकडचा पंखा इंजिनात हवा कोंबतो. ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरचं 1905 चं पेटंट! शंभर वर्षांवरची विद्या, तिला काय घाबरायचं?” वॉचमन मान डोलावतो. त्याची रात्रपाळी असते, जाणार कुठे?

काका धसमुसळे मात्र नाहीत, हे कबूल केले पाहिजे. खोललेला प्रत्येक भाग श्रीखंडाच्या डब्यात जातो, डब्यावर चिठ्ठी लागते. पंखा, शाफ्ट आणि नट यांच्यावर काकूंच्या नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढतात, म्हणजे जोडताना तिन्ही होते तसेच बसावेत. (काकूंना हे लग्नाला निघताना कळते.) त्या नटाचे आटे बऱ्याचदा उलटे असतात, हे काका येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावून सांगतात आणि स्वतः पाना सुलटाच फिरवतात. पुढे सर्क्लिप उडते. मग क्रिकेट थांबवून बिल्डिंगची सगळी पोरे बॅटऱ्या घेऊन गाड्यांखाली. ती सापडते गुलबक्षीच्या कुंडीत.

रिपेअर किट नाना पेठेतून, घासाघीस करून आणलेले. बुश, थ्रस्ट बेअरिंग, सील रिंगा. त्यातली नखाएवढी रिंग बसवताना मोडते आणि पुन्हा नाना पेठ. रिक्षाचे भाडे काका हिशोबात धरत नाहीत. साडी तर नाहीच नाही.

आता टर्बोवाल्याकडे या. त्याच्या दुकानात एक बॅलन्सिंग मशीन असते. शाफ्ट आणि पंखे मिळून चालत्या गाडीत मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात, बुशमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. तिथे मूठभर काय, चिमूटभरही वजन इकडचे तिकडे चालत नाही. मशीन सांगेल तिथला कणभर धातू तो घासून काढतो. काका बोटाने पंखा फिरवतात, कान लावतात आणि म्हणतात, “लोणी!” बोटाने फिरवला की कुठलाही पंखा लोणीच वाटतो.

आणि सील गळके राहिले तर नुसत्या धुरावर भागत नाही. ते ऑइल इंजिनात शिरले, तर डिझेल गाडीचे इंजिन किल्ली काढली तरी स्वतःचेच ऑइल जाळत भरधाव फिरत राहू शकते. त्या वेळी पार्किंगमध्ये उभे राहण्याची हौस कोणाला असू नये.

पण टर्बोवाल्याचीही एक खोड असते. तो टर्बो चकचकीत करून हातात ठेवतो. मुळात तो गेला कशाने, हे पुष्कळदा विचारतच नाही. ते विचारतात काका. टर्बोला ऑइल नेणारा बारीक पाइप ते काढतात, उजेडात धरून डोळा लावतात, तर आरपार काहीच दिसत नाही. आत काजळी! कोणीतरी जॉइंटला सढळ हाताने फासलेले सिलिकॉनही आत लोंबत असते. या पाइपवर नवाकोरा टर्बो बसवला असता, तरी तोही ऑइलवाचून असाच गेला असता. जोडणी झाल्यावरही काका गाडी लगेच सुरू करत नाहीत. आधी टर्बोत ऑइल पोचवून घेतात. एवढा धीर गॅरेजमध्ये कोणाला असतो?

तेव्हा तुमच्या सोसायटीत असे काका असतील तर गाडी आधी त्यांनाच दाखवा. ऑइलचा पाइप, फिल्टर, हवेचे होस त्यांच्याइतके मन लावून कोणी बघणार नाही. फक्त शाफ्ट त्यांच्या हाती देऊ नका. तो मशीनवाल्याकडे पाठवा, आणि परत घेताना बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागून घ्या.