सोळापट जोर आणि दाभोळची फेरी

२०१९ साली बुगाटी शिरॉनने जर्मनीत ताशी ४९० किलोमीटर गाठले. विकायच्या गाड्यांना मात्र कंपनीनेच ४४०ची वेसण घातली. म्हणे, सुरक्षितता! वेग चौपट झाला की ब्रेकला सोळापट ऊर्जा जिरवावी लागते. हा हिशेब गिऱ्हाइकावर सोडायला कंपनीही धजावली नाही.

आपल्याकडे ही काळजी दाभोळ घेतं. दापोलीहून गुरगुरत उतरलेली बुटकी गाडीसुद्धा जेट्टीवर रांगेतच लागते, आंब्याच्या पेट्यांच्या टेम्पोमागे. फेरीबोटीच्या उतरत्या फळीवर पोट खरवडतं, मालकाचा जीव कळवळतो. खलाशी निर्विकार: "सायेब, हँडब्रेक ओढा." मग पाचशे घोडे डिझेल इंजिनाच्या जिवावर वाशिष्ठी ओलांडतात. पलीकडे धोपाव्याला टॉप स्पीड ठरवतात रस्त्यात रवंथ करत बसलेली गुरं.