पिन टाकून पैसे येत नसतात

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या दिवसांत वर्धा जिल्ह्यात आर्वी, देवळी, सेलूकडच्या सेतू केंद्रांवर एकच घाई होती. "ओटीपी आला का बाई? सांगा लवकर, साइट बंद पडते पुन्हा." बाई मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन चारचौघांत आकडे मोठ्यानं वाचणार. मग नवऱ्याचं आधार. तो वावरात, म्हणून त्याला फोन. त्यानंही आकडे सांगायचे.

महिन्याच्या १,५०० रुपयांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ही केवायसी सक्तीची झाली आणि मुदत वाढून ३१ डिसेंबरपर्यंत गेली. तेवढ्यात बनावट संकेतस्थळंही निघाली. अधिकृत संकेतस्थळ सोडून कुठंही माहिती भरू नका, असं मंत्री आदिती तटकरे यांना जाहीरपणे सांगावं लागलं. सांगितलं ते बरं केलं. पण ओटीपी कुणालाही देऊ नका म्हणायचं आणि सगळी कामं ओटीपीवर अडवून ठेवायची, यात गावातल्या बाईनं नेमकं काय शिकायचं?

पीएम किसानचे वर्षाचे ६,००० हवेत, केवायसी करा. हमीभावानं सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा, तर २०२५ च्या हंगामापासून 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करा, स्लॉट घ्या. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतील. मुदत चुकली की हप्ता अडकतो, ही भीती वर्धा जिल्ह्यात खरी आहे. चोर तिच्यावरच जगतो. "आपका केवायसी पेंडिंग है, आज खाता बंद हो जाएगा" एवढंच त्याला म्हणायचं असतं. बाकीची तयारी सरकारनं आणि बँकांनी करून ठेवली आहे. म्हणून फसलेल्या माणसाला 'अडाणी' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

त्यात आता चोराला दर वेळी फोनही करावा लागत नाही. 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलान' अशा नावाची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते, शेवटी 'एपीके' अशी अक्षरं असतात. ती येते ओळखीच्याच नंबरवरून, कधी गावाच्या ग्रुपवर, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. फाइल उघडली की ती अ‍ॅप बसवते आणि मेसेज वाचायची परवानगी मागते. ती दिली की ओटीपी तुम्हाला विचारायची त्याला गरजच नाही, तो परस्पर वाचतो. सरकारी योजनेचं किंवा बँकेचं अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फाइलमधून कधीही घेऊ नये. एवढं एकच वाक्य प्रत्येक बचत गटाच्या बैठकीत बोललं गेलं पाहिजे.

दुसरं, यूपीआयचा पिन. तो टाकला की पैसे जातात. पैसे यायला पिन लागत नाही, कधीच नाही. "अनुदान जमा करतो, पिन टाका काका" म्हणणारा चोरच. आणि व्हिडिओ कॉलवर खाकी घालून 'डिजिटल अरेस्ट' सांगणाराही चोरच. अशी अटक कायद्यात नाही. निवृत्त शिक्षक आणि पेन्शनर याला जास्त भितात, कारण त्यांनी आयुष्यभर कायदा पाळलेला असतो.

आता पैसे गेल्यावरचं. आपल्याकडे पहिला दिवस लपवण्यात जातो. मुलगा रागावेल, लोक हसतील. तोवर ती रक्कम तीन-चार खात्यांतून फिरून कुठंतरी एटीएममधून निघालेली असते. १९३० हा हेल्पलाइन क्रमांक आहेच मुळात त्या वाटेतल्या खात्यांवर पैसे गोठवण्यासाठी. पहिल्या तासात फोन गेला तर काही हाती लागण्याची आशा असते. फाइल उघडली असेल तर त्या फोनचं नेट बंद करा आणि फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून लावा. घरातल्या माणसांनी बोलणी नंतर द्यावीत. आधी नंबर लावून द्यावा.

मग बँक. 'ओटीपी तुम्हीच दिला, आता आम्ही काय करणार' हे उत्तर काउंटरवर तयार असतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं याहून पुढचं सांगितलं होतं. गुप्त माहिती ग्राहकानं दिली असली तरी बँकेला कळवेपर्यंतचंच नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं. आणि ग्राहकाची काही चूक नसताना तिसऱ्यानंच पैसे काढले, तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्याची जबाबदारी शून्य. हे मराठीत, ठळक अक्षरांत, प्रत्येक शाखेच्या दारावर लागलं पाहिजे. ते लागेपर्यंत बँकेत जाताना सोबत कुणाला तरी घेऊन जा, तक्रार लेखी द्या, आणि तक्रारीचा क्रमांक, तारीख व वेळ लिहिलेली पोच हातात पडल्याशिवाय काउंटर सोडू नका.