आत्या आणि शके १९४७

लोणावळा स्टँडवरून सुटलेली एसटी वरसोलीला पोचायच्या आतच आत्याचं आणि कंडक्टरचं वाजलं. वाजलं म्हणजे भांडण नव्हे. तो बिचारा आधार कार्ड डोळ्यांजवळ धरून नम्रपणे म्हणाला, "आजी, पंचाहत्तर पुरी नाहीत. दोन महिने कमी पडतायत. अर्धं तिकीट घ्या."

"मला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय," आत्या म्हणाली.

"लागलेलं चालत नाही, पुरं लागतं."

कालगणनेतला एक जुना वाद त्या माणसाने तिकीट फाडता फाडता मिटवला. पंचांगातला शक हा सरलेल्या वर्षांचा आकडा. इसवी सन चालू वर्षाचा. म्हणजे पंचांग कंडक्टरच्या बाजूचं आणि आत्या इंग्रजांच्या. हे मी तिला सांगितलं नाही. गाडीत गर्दी होती.

पाडवा होऊन चार-पाच दिवस झाले होते, एकवीरेची चैत्री यात्रा होती आणि आत्याला कार्ल्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. तिचा जन्म नाणे मावळातला. "आवणीत झाले मी. आई चिखलात उभी होती. आणि मग महिन्याभराने शाळेवर झेंडा लागला." म्हणजे जुलै १९४७, यात शंकेला जागा नाही. पण म्हशींच्या मागे हिंडण्यात तिची शाळा राहिली ती नऊ वर्षांची होईपर्यंत. तेव्हा वय ठरवायची पद्धत शास्त्रीय होती: उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायचा. हात पोचला तर पोर सहा वर्षांचं. आत्या अंगाने खुरटी. नऊ वर्षांच्या आत्याचा हात जेमतेम कानाच्या पाळीला टेकला. गुरुजींनी सहा वर्षं मागे मोजली आणि लिहिलं, १ जून १९५०. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली आहे, ती अशीच. हात तोकडा म्हणून आत्याची तीन वर्षं बुडाली आणि पुढे तेच दाखल्यावरून आधारवर आलं.

आत्याची स्वतःची गणना मात्र पक्की आहे. पानशेत फुटलं त्या साली तिची शाळा सुटून बरेच दिवस झाले होते. कोयनेच्या भूकंपाला तिची हळद ओली होती, पहाटे मांडणीवरची भांडी खणाखणा खाली आली आणि सासूबाई अंधारात म्हणाल्या, "नव्या सुनेचा पायगुण." बहात्तरच्या दुष्काळात थोरला रांगत होता. तिला साल विचारू नये. काय कोसळलं ते विचारावं.

त्या पाडव्याला तिने नवीन कॅलेंडर भिंतीला नीट लावलं, चष्मा पुसला आणि वाचलं, "शके १९४७." मग माझ्याकडे वळली. "हे बघ! छापूनच आलंय. मी याच साली झाले ना?"

मी शक आणि सनातला अठ्ठ्याहत्तरचा फरक समजावला. ती म्हणाली, "म्हणजे मला जेवढी वर्षं लागलीत, तेवढाच?" यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. शालिवाहनाचं नावही या गणनेला फार उशिरा, हजारेक वर्षांनी चिकटलं, मुळात मोजणी शक राजांची, हे सांगायचा मोह मी आवरला. चिकटवलेल्या तारखा काय असतात, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक.

कार्ल्याच्या पायऱ्या ती माझ्या पुढे चढली. देवीला ओटी भरून झाल्यावर मी तिला शेजारच्या लेण्यात नेलं. इथल्या ब्राह्मी लेखांत एक दान नोंदलेलं आहे: वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं सातवं वर्ष, उन्हाळ्याचा पाचवा पंधरवडा, पहिला दिवस. दिवसापर्यंत चोख हिशेब!

"कुठून सातवं?" आत्याने विचारलं.

"तो गादीवर बसला तिथून."

"आणि तो कधी बसला?"

"त्यावर विद्वान अजून भांडतायत."

आत्याने त्या खांबांकडे जरा कीव करूनच पाहिलं. आधार कार्ड काढायला गेला असता तर पुळुमावीला अर्धंसुद्धा तिकीट मिळालं नसतं. तिच्या लग्नाचा भूकंप निदान ११ डिसेंबर १९६७ला झाला, हे कुणीही सांगेल.

नंतरच्या राजांनी मात्र एका गणनेवर भागवलं नाही. याच रस्त्याने पुढे वडगाव. तिथे जानेवारी १७७९मध्ये मराठ्यांनी इंग्रजांना तह लिहायला लावला. ते साल शके १७००, राज्याभिषेक शक १०५ आणि सुहूर सन तिसा सबैन मया व अलफ. म्हणजे अरबीत नऊ, सत्तर, शंभर आणि हजार, अकराशे एकोणऐंशी. मराठी कारकून सालाची बेरीज अरबीत करत. संवत्सर होतं विलंबी. नोव्हेंबरात मुंबईहून निघालेली इंग्रज फौज तोफांसह घाट चढत तळेगावला ९ जानेवारीला पोचली. संवत्सराची इतकी आज्ञाधारक फौज दुसरी झाली नसेल.

सुहूर सनाचं वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून त्याला मृगसाल म्हणत, हे ऐकून आत्या पहिल्यांदाच खूश झाली. "मग! पाऊस नाही, पेरणी नाही, तरी वर्ष कसलं सुरू करताय?" मावळात राहून जानेवारीत वर्ष सुरू करणारा माणूस तिला आजही संशयास्पद वाटतो.

१ जूनला तिने काही काम नसताना लोणावळ्याहून कार्ला फाट्यापर्यंत एसटीने प्रवास केला. यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट आलं. ते तिने घडी घालून बटव्यात ठेवलं.

परवा फोनवर मला विचारत होती, "तू कार्ल्याला आला होतास ते कधी रे? मी फुकट व्हायच्या आधी ना?"