मोदक सांगितलेत का?

समुद्रकाठी गेलेल्या शाकाहारी माणसाकडे सगळे जरा कीव आल्यासारखे बघतात. अलिबाग, मुरूड, हर्णै, मालवण, कुठंही जा. हॉटेलच्या फळ्यावर सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी अशी मानकरी मंडळी वर बसलेली असतात आणि तळाशी, खडू उरला म्हणून लिहिल्यासारखी, 'व्हेज थाळी'. ती मागितली की वेटर 'व्हेज?' असं दोनदा आपल्याला विचारतो आणि तिसऱ्यांदा आपल्या बायकोला. मग येतात ते पनीरचे चौकोन. कोकणातल्या कुठल्या आजीनं जन्मात पनीर केलेलं नाही, तरी ते लाल रश्श्यात बुडून आपली वाट बघत असतं.

रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला मात्र शाकाहाऱ्याला मान आहे. मासे तिथंही मिळतात आणि चांगले मिळतात, पण नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर घराघरांवर 'घरगुती शाकाहारी जेवणाची सोय' अशा पाट्या दिसतात. पाटीवर एक बाण आणि बाणाखाली फोन नंबर. बाणाच्या भरवशावर जो आत जातो तो उपाशी परत येतो. नंबर लावणाऱ्याला जेवायला मिळतं.

दुपारी आपल्याला किती भूक लागणार आहे, हे इथं सकाळी नवाच्या आत कळवावं लागतं. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असा रस्ता. घाटात शिरलं की मोबाइलची रेंज जाते, म्हणजे मुळशीचं पाणी दिसतंय तोवर हा निर्णय व्हायला हवा. गाडीत मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको. चौघांच्याही पोटात नुकतीच मिसळ गेलेली. असा मुहूर्त साधून मेहुण्यानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"किती पानं?" पलीकडून काकूंनी विचारलं.

"चार."

"मोदक सांगताय ना?"

"हो तर!"

"किती?"

प्रश्न गाडीत फिरला. मेहुण्याची बायको डाएटवर होती. तिला एक पुरे होता. माझी बायको म्हणाली, दोन. मी मिसळीच्या अमलाखाली होतो, बोललो नाही. मेहुणा बँकेत आहे. त्यानं सरासरी काढली आणि आठ सांगितले.

"आठ? माणसं चार ना हो?"

"हो, चार."

"बरं," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये काय काय होतं ते दुपारी एक वाजता कळलं.

घाटभर मेहुण्याचं एकच चाललं होतं, की गिऱ्हाईक आल्यावर स्वयंपाक करायला काय होतं यांना? धंदा असा करतात का? पण वालाच्या बिरड्याला बँकेचे नियम लागू होत नाहीत. कडवे वाल रात्रभर भिजत घालायचे, उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढायचा. आज पानात पडलेलं बिरडं परवा सुरू झालेलं असतं. केळफूल त्याहून नखऱ्याचं. त्यातल्या प्रत्येक फुलातला कडक दांडा आणि पातळ पापुद्रा काढून टाकायचा, चिरून ताकाच्या पाण्यात ठेवायचं, आणि हाताला आधी तेल लावलं नसेल तर काळी बोटं घेऊन आठवडाभर हिंडायचं. बाण बघून आत आलेल्या माणसाला हे पंधरा मिनिटांत कोण वाढणार? ज्याला घाई आहे त्याच्यासाठी पनीर आहेच.

काकूंची खानावळ म्हणजे घरामागची पडवी. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन, मेणकापड घातलेली लांब टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पुणेकराला परकं वाटू नये इतक्या पाट्या. 'चपला बाहेर.' 'अन्न टाकू नये.' 'मोदक आयत्या वेळी मिळणार नाहीत.' ही तिसरी पाटी मेहुण्यानं वाचली आणि पंखा कुठं लागतो ते शोधायला लागला.

त्याच्या बायकोला समुद्राकडे बघत जेवायचं होतं. मोबाइलवरच्या फोटोंत लोक तसे जेवतात. "समुद्र कुठल्या बाजूला आहे हो काकू?"

"वाडीच्या मागं. आधी जेवून घ्या. तो काही कुठं जात नाही."

तरी तो पोफळींच्या फटीतून थोडा चमकत होता. पाणी वाढताना काका म्हणाले, "पूर्वी इथनं दिसत नसे. 'निसर्ग'नं दाखवला." ३ जून २०२० चं ते चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. इथल्या रोठा सुपारीचं नाव मोठं, पण नव्यानं लावलेल्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. "तोवर हिच्या हातावर चाललंय," असं म्हणून काका तांब्या घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले.

तेवढ्यात तीन तरुण मोटारसायकलवरून उतरले. गॉगल कपाळावर. "काकू, सुरमई आहे?"

"आहे ना. असेच सरळ जा. सुरू लागतील, मग वाळू, मग पाणी. तिथंच असते ती."

पलीकडच्या टेबलावर डोंबिवलीचं मोठं कुटुंब होतं. त्यांच्यातल्या एका पोरानं पनीरसाठी भोकाड पसरलं. काकूंनी नारळाच्या वाटीतून एक तुकडा कापला आणि त्याच्या ताटात ठेवला. "हे घे. पांढरं आणि चौकोनी." पोरानं तो खाल्ला आणि अजून एक मागितला.

मी हात धुवायला मागं गेलो तर स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. काकूंची सून पाटावर बसली होती. हाताला पाणी-तेलाचं बोट, समोर वाफाळती उकड. गोळी घेतली, अंगठ्यानं दाबत दाबत वाटी केली, कड इतकी पातळ की पलीकडचा अंगठा दिसावा. मग चिमटीनं कळ्या पाडल्या, आत ओलं खोबरं आणि गूळ भरला, सगळ्या कळ्या एकत्र आणून वर शेंडा काढला. "बसा हो, आणते," एवढं ती बोलली तेवढ्यात दुसरा तयार. चाळणीत केळीच्या पानावर ते ओळीनं बसत होते. मी मोजले. तीस तरी असतील. मला फार बरं वाटलं.

जेवण सुरेख होतं. बिरडं, केळफूल, वरणभात, सोलकढी, मिरगुंड. यावर अधिक लिहीत नाही, कारण आमचं कोणाचं लक्ष तिकडं नव्हतं. मोदक आले. माणशी दोन. शेंडा मोडायचा आणि त्या भोकात तूप सोडायचं, मग तोंड भाजतं तरी थांबवत नाही. डाएटवाल्या बाईंनी पहिला संपवला, दुसरा संपवला आणि नवऱ्याच्या पानाकडे बघितलं.

"तू एक म्हणाली होतीस," मेहुणा पान ओढून घेत म्हणाला.

"ते मुळशीला. इथं हवा वेगळी आहे."

तिसरा तिला मिळाला. मेहुण्यानं आवाजात शक्य तेवढी अजिजी आणली. "काकू, अजून आहेत का हो?"

"आहेत की. पण ते डोंबिवलीकरांचे. त्यांनी तीस सांगितलेत."

डोंबिवलीकरांनी आमच्याकडे बघितलं आणि आपापली पानं जवळ ओढली. मेहुण्यानं बदल्यात आधी आमची सोलकढी, मग गाडीत ठेवलेली बाकरवडी देऊ केली. डोंबिवली बधली नाही. मुंबईकर पुणेकरांशी इतर वेळी इतका ठाम राहत नाही.

पैसे देताना काकूंनी कागद-पेन्सिल काढली नाही, आकडा तोंडानं सांगितला आणि तो बरोबर होता. क्यूआर कोड देव्हाऱ्याशेजारी चिकटवलाय. पैसे पोचल्याचा आवाज घंटेबरोबर येतो.

मग सुवर्णगणेशाचं दर्शन घेतलं. १९९७ साली पोफळीच्या वाडीत हा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये चोरांनी नेला आणि २०२१ मध्ये नवा बसला. मेहुणा बराच वेळ हात जोडून उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "यांचे मोदक कोण सांगतं?"

समुद्र संध्याकाळी बघितला. चांगला आहे, लांबलचक आहे, वाळू स्वच्छ होती. मेहुण्याच्या बायकोनं समुद्रासमोर उभं राहून बाकरवडी खाल्ली.

दिवेआगरला जरूर जा. मोदक माणशी पाच सांगा, उरले तर काकू बांधून देतात. आणि शक्यतो मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी आम्ही असतो.